पत्री सरकार : पत्र्याची गोष्ट आणि खरी गोष्ट

'नाना पाटलांची माणसं फितुरांच्या पायांना घोड्यासारखे पत्रे ठोकायची, म्हणून पत्री सरकार.' साताऱ्याकडं हे आजही छातीठोकपणे सांगतात. मूळ शब्द आहे प्रतिसरकार, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा भागात इंग्रजांच्या सरकारला समांतर चाललेलं सरकार. बोलताबोलता त्याचं 'पत्री' झालं आणि नावाला साजेशी शिक्षा लोकांनी जोडली. मार होता, तो तळपायांवर काठीचा. तोही कमी नव्हता, ते लपवू नये.

पण या पत्र्यापायी १९४३ ते १९४६ चं खरं काम झाकलं जातं, याचं मला वाईट वाटतं. गावोगावी न्यायदान मंडळं होती. बांधाचं भांडण, सावकाराकडं अडकलेली जमीन, सगळं गावासमोर बसून मिटवायचं. तालुक्याला खेटे नाहीत, वकिलाची फी नाही. हुंडा, वाजंत्री, जेवणावळी टाळून गांधी-विवाह लागायचे. कुंडल गावात तुफान सेनेचं, म्हणजे प्रतिसरकारच्या स्वयंसेवक दलाचं, शिक्षण चालायचं.

हे बेचाळीसच्या 'चले जाव'च्या हाकेनं एका रात्रीत उगवलं नाही. त्याआधी सत्यशोधक जलशांनी, म्हणजे जोतीराव फुल्यांच्या विचारांच्या गाण्या-नाट्यांच्या कार्यक्रमांनी, इथल्या शेतकऱ्याला भटजी-सावकारांना जाब विचारायला शिकवलं होतं. नाना पाटीलही त्याच मुशीतले. येडेमच्छिंद्रचा हा माणूस तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आला होता.