रिफ्रेश मारल्याने कॉम्प्युटर फास्ट होत नाही

"डेस्कटॉपवर चार-पाच वेळा रिफ्रेश मारा, रॅम (चालू प्रोग्रामची तात्पुरती मेमरी) मोकळी होते, कॉम्प्युटर पळायला लागतो." नाशिकमध्ये सिडकोपासून पंचवटीपर्यंत, जिथे घरी जुना कॉम्प्युटर आहे तिथे ही सवय हमखास दिसते. आयकॉन क्षणभर लुकलुकतात, त्यामुळे काहीतरी साफ झालं असं वाटणं स्वाभाविकच आहे.

प्रत्यक्षात विंडोज तेवढ्यात फक्त डेस्कटॉपवरचे आयकॉन नव्याने दाखवतं. नुकतीच सेव्ह केलेली फाइल दिसत नसेल तर त्याचा उपयोग. रॅम त्याने मोकळी होत नाही.

खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मेमरीचा आकडा बघा, हवं तेवढं रिफ्रेश करा, पुन्हा बघा. आकडा किंचित मागेपुढे होईल, पण तो एरवीही होतच असतो.

कॉम्प्युटर खरंच फास्ट करायचा तर तिथेच स्टार्टअपच्या यादीतले, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालू होणारे, नको असलेले प्रोग्राम बंद करा. अँटिव्हायरस मात्र राहू द्या. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा, म्हणजे ती किती व्यस्त आहे ते, सतत शंभर टक्क्यांजवळ दिसत असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर माझ्या मते पहिला खर्च एसएसडीवरच, म्हणजे चिपमध्ये फाइल साठवणाऱ्या डिस्कवरच करावा. हार्ड डिस्कला फिरत्या तबकडीवर फाइल शोधावी लागते, एसएसडीत फिरणारं काहीच नसतं.