सुटलेली दारू टिकेल का? मोजमापाचा इतिहास आणि खान्देशातले प्रसंग

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी आला की गावात एकच चौकशी होते: सोडली का त्याने? केंद्रांचा पाठपुरावाही बहुतेक याच प्रश्नाभोवती फिरतो. किती दिवस झाले, पुन्हा घेतली का, घेतली तर किती. हे आकडे लागतातच, पण ते सगळे घडून गेल्यानंतरचे. माणूस घसरला हे त्यातून कळतं. घसरण्याची वेळ समोर आली तेव्हा ती निभावून नेण्यासाठी त्याच्याजवळ काय होतं, हे कळत नाही. ते आधीच तपासता यावं म्हणून गेली जवळपास पन्नास वर्षं काम चाललं आहे. खान्देशातला दारूविरोध त्याहूनही जुना आहे आणि या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला हव्यात, असं मला कळकळीने वाटतं.

आधी इथलं बघू. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकारच्या आणि मक्तेदारांच्या हाती गेला. घरी गाळलेली मोहाच्या फुलांची दारू गुन्हा ठरली आणि दुकानातली दारू उधारीवर मिळू लागली. १९२२ मध्ये आदिवासी भागांत देवीची चळवळ पसरली. किनाऱ्याकडून निघालेली ही लाट नाशिक आणि खान्देशातून जात दक्षिण गुजरातेत पोहोचली. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवीच्या आज्ञा येत: दारू-ताडी पिऊ नका, मांस खाऊ नका, रोज अंघोळ करा. गावंच्या गावं एका दिवसात दारू सोडत. पुढे मात्र बऱ्याच ठिकाणी लोक पुन्हा पिऊ लागले. एकोणीसशे तीसच्या दशकाच्या अखेरीस तळोद्याजवळच्या मोरवडला गुलामहाराजांनी भिल्ल समाजात दारूबंदीची मोठी चळवळ उभी केली. तिथे आरतीला लोक लांबून चालत येत, एकमेकांना ‘आप की जय’ म्हणत. नुसती शपथ घेऊन माणूस एकटा घरी जात नव्हता. त्याला नवी सोबत मिळत होती आणि पुन्हा पुन्हा जमायला एक जागाही. माझ्या मते या चळवळीचं बळ तिथेच होतं.

१९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्या आदिवासी स्त्रियांनी गुत्त्यांवर चालून जाऊन दारूची मडकी फोडली. मजुरीचा लढा चालू असताना घरात येणारा पैसा गुत्त्यात जातो, हे त्यांना रोज दिसत होतं. पण या सगळ्या लढ्यांचा रोख दारूच्या पुरवठ्यावर किंवा गावाच्या शपथेवर होता. शपथ घेतलेला एकेक माणूस पुढच्या बाजाराच्या दिवशी काय करेल, हा प्रश्न तेव्हा कोणी वेगळा काढला नव्हता. महाराष्ट्रात व्यक्तीच्या उपचाराला सामाजिक पातळीवर ठळक रूप मिळालं ते १९८६ मध्ये, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं तेव्हा.

मोजमापाची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. १९७१ मध्ये हंट, बार्नेट आणि ब्रँच या तिघांनी दारू, सिगारेट आणि हेरॉइन सोडलेल्यांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. तिन्हींची वळणं जवळजवळ सारखीच होती. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश लोक परत फिरलेले. उपचार संपला म्हणून काम संपत नाही, हे त्या आलेखाने दाखवून दिलं. मग ॲलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घसरलेल्या लोकांना नेमकं विचारलं, पहिला घोट घेतला तेव्हा काय चाललं होतं? दारू, तंबाखू, जुगार अशा वेगवेगळ्या सवयींतल्या ३११ घटना त्यांनी तपासल्या. ३५ टक्के घटनांमागे मनाची वाईट अवस्था होती: राग, उदासी, कंटाळा. २० टक्क्यांमागे इतरांचा आग्रह, १६ टक्क्यांमागे कुणाशी झालेलं भांडण. म्हणजे दहातल्या सात वेळा कारण या तिघांपैकी एक.

१९७८ मध्ये चेनी, ओलिअरी आणि मार्लॅट यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या ४० पुरुषांवर केलेला प्रयोग मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यांनी अवघड प्रसंग टेपवर भरून ठेवले. टेप लागली की रुग्णाने तो प्रसंग आपल्यावरच आला आहे असं समजून लगेच, तोंडाने सांगायचं: मी असं म्हणेन, असं करेन. उत्तर ध्वनिमुद्रित व्हायचं आणि नंतर तपासलं जायचं. काय बोलला, किती स्पष्ट बोलला, बोलायला किती वेळ घेतला. काही जणांना अशा प्रसंगांचा सराव दिला, काहींशी नुसती चर्चा केली, काहींना नेहमीचाच उपचार. वर्षभराने पाहिलं तर सराव मिळालेले लोकही घसरले होते, पण ते कमी प्याले होते आणि लवकर सावरले होते. आणखी एक बाब अशी की उत्तर द्यायला लागणारा वेळही पुढचं काही सांगून जात होता. जो अडखळत होता, त्याची पुढची वाट जास्त अवघड ठरण्याची शक्यता होती.

अशी परीक्षा घ्यायला माणूस, वेळ, यंत्र सगळं लागतं. म्हणून पुढे कागदावरच्या प्रश्नावल्या वाढल्या. त्यांना आधार होता अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या विचाराचा: हे मला जमेल, असा विश्वास असेल तर माणूस ते टिकून करतो. टोरांटोमध्ये हेलन ॲनिस यांनी पिण्याच्या प्रसंगांची १०० प्रश्नांची यादी केली आणि तिच्या जोडीला ३९ प्रसंगांची दुसरी. या दुसऱ्या यादीत प्रत्येक प्रसंगी भरपूर पिण्याची ऊर्मी आवरण्याचा विश्वास शून्य ते शंभरमध्ये सांगायचा. लंडनमध्ये लिटमन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ३६ उपायांची यादी करून विचारलं, यातलं तुम्ही काय करता? जागा टाळता, कुणाला भेटता, मागच्या हालअपेष्टा आठवता, सुधारलेल्या दिवसांचा विचार करता? १९९४ मध्ये डिक्लेमेंटे आणि सहकाऱ्यांनी २० प्रसंगांची छोटी प्रश्नावली आणली. तिच्यात मोह किती होतो आणि विश्वास किती आहे, हे वेगवेगळं विचारतात. हे वेगळं विचारणं फार महत्त्वाचं. केंद्राच्या चार भिंतींत, जिथे बाटली दिसतच नाही, तिथे विश्वास शंभर असणं सोपं आहे.

आता या याद्या खान्देशात आणून बघा. आग्रह, राग, आनंद, एकटेपणा हे गट इथेही लागू पडतात. प्रसंग मात्र निराळे. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपतं. मालक हिशेब करतो, हातात एकदम रोकड येते. त्याच दिवसांत गावात पत्त्यांचे डाव बसलेले असतात आणि डावाशेजारी बाटली. सुट्टी, पैसा, सोबत आणि वर्षभराचा शीण, चारही गोष्टी एकाच दिवशी. दुसरा प्रसंग हिवाळ्यातला. शेतात भरीत पार्टी ठरते. दुपारपासून कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर हिरवी वांगी भाजतात, कुणी मिरच्या-लसूण ठेचतं, कुणी कळण्याच्या भाकरी घेऊन येतं. केंद्रातून आलेल्या माणसाला कुणी वाईट हेतूने बोलावलेलं नसतं. वांगी सोलून होईपर्यंत सगळं ठीक असतं. मग कुणी गाडीच्या डिकीतून पिशवी काढतो आणि म्हणतो, “आज मोक्या दिन शे भाऊ, थोडीशी पी ले, काय व्हस?” त्या क्षणी या माणसाच्या तोंडून काय निघेल, हीच खरी परीक्षा. आणि ते अहिराणीत निघेल, पुस्तकी मराठीत नाही.

सातपुड्यात प्रसंग आणखी वेगळे. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, लग्न, मयत. काही विधींत देवाला आणि पूर्वजांना मोहाच्या दारूची धार देतात. तिथे नाही म्हणणं म्हणजे मित्राला नाही म्हणणं नव्हे, ते देवकार्यात अडथळा आणणं ठरू शकतं. धार द्यायची पण घोट घ्यायचा नाही, असा मार्ग घरच्या वडीलधाऱ्यांशी आधी बोलून काढता येईल. पण तो काढायचा तर आधी असा प्रसंग यादीत हवा. टोरांटोच्या यादीत तो असण्याचं कारणच नाही.

म्हणून मला वाटतं, इथे १९७८ ची तोंडी रीत जास्त उपयोगी पडेल. ज्याला वाचायला अडचण आहे, त्यालाही ती चालते. टेपऐवजी आता समुपदेशकाच्या हातात मोबाइल आहे. प्रसंग कोणते घ्यायचे हे सालदार, त्यांच्या बायका आणि दारू सुटलेली माणसं यांनी मिळून सांगावं, रोजच्या बोलीत. गोव्यात झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ३७७ पुरुषांच्या मोठ्या चाचणीत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी त्यांतल्या सुमारे निम्म्यांकडून असाच सराव करून घेतला होता: आग्रह नाकारणं, तलफ सांभाळणं, अवघड भावनांना तोंड देणं. तीन महिन्यांनी, आधीचे चौदा दिवस अजिबात न प्यालेले या गटात ४२ टक्के होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत १८. हे काम मोठ्या रुग्णालयाविनाही होतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

या मोजमापाची एक दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत १७२६ रुग्णांवर झालेल्या, १९९७ मध्ये निकाल आलेल्या ‘प्रोजेक्ट मॅच’मध्ये तीन वेगवेगळ्या उपचारांचे परिणाम जवळपास सारखे निघाले. प्रसंग हाताळण्याची कौशल्यं शिकवणारा उपचार त्यांतला एक होता. मग २००० साली मॉर्गनस्टर्न आणि लाँगाबाग यांनी आधीचे अभ्यास तपासले. त्यांना असं आढळलं की कौशल्यं शिकवणारे उपचार उपयोगी पडतात खरे, पण ते वाढलेल्या कौशल्यामुळेच उपयोगी पडतात याचा पुरावा तोकडा आहे. कदाचित कौशल्य नीट मोजलंच जात नसेल. कदाचित सोबत, धाक आणि घरचं प्रेम जास्त काम करत असेल. त्यामुळे प्रश्नावलीत कमी गुण पडले म्हणून कुणाला ‘हा टिकणार नाही’ असं सांगणं चुकीचं आणि क्रूर ठरेल. कमी गुणांचा उपयोग एवढाच, की त्याच्याबरोबर कोणत्या प्रसंगाचा सराव आधी करायचा ते कळावं. आणि सराव कधी करायचा, हे आलेखाने सांगितलंच आहे: पहिल्या तीन महिन्यांत. फाल्गुनात घरी गेलेल्या सालदाराची आखाजी या तीन महिन्यांतच येते.