मराठी कानावर पडते, पण मुलाशी कोण बोलते?

इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या माझ्या मावशीचा नातू गेल्या हिवाळ्यात चार वर्षांचा झाला. एका रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन तो तिला म्हणाला, "आजी, आम्ही चिडियाघरला जाऊ." मावशी जरा खट्टू झाली. "जा हो, जाऊन या," असे म्हणून ती ओट्याकडे वळली, तर मुलगा रडायलाच लागला, कारण त्याला आजी बरोबर हवी होती. मराठीत ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' वेगळे आणि त्याला वगळणारे 'आम्ही' वेगळे. हिंदीत दोन्हींसाठी एकच 'हम'. मुलाने मनातल्या मनात 'हम'चे मराठी केले आणि त्याच्या हाती 'आम्ही' लागले. शब्द त्याला येत होते, पण ते केव्हा कोणता वापरायचा हे त्याला अजून उमगलेले नव्हते.

वास्तविक या घरात दिवसभर मराठी चालते. आजी-आजोबा एकमेकांशी मराठीत बोलतात, फोनवर पुण्याच्या नातेवाइकांशी मराठीत बोलतात, सणावाराला आरत्याही मराठीत होतात. मुलाकडे वळले, की मात्र सगळ्यांच्या तोंडून नकळत हिंदी येते, कारण त्याची शाळा, त्याचे सवंगडी आणि सांभाळायला येणारी बाई यांची भाषा हिंदी आहे. होळकरांच्या काळापासून इंदुरात रुजलेल्या कितीतरी मराठी घरांत आज हेच चित्र दिसते, आणि त्यामागे एक समजूत असते: मराठी काय, कानावर पडतेच आहे, आपोआप येईल.

ही समजूत तपासून पाहणारे संशोधन झाले आहे, आणि ते अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांवर झाले आहे. तिथली स्थिती आपल्यासारखीच आहे: घरात एक भाषा, उंबऱ्याबाहेर दुसरी, जास्त वजनदार भाषा. अ‍ॅड्रियाना वाइसलेडर आणि ॲन फर्नाल्ड यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या २९ स्पॅनिशभाषक घरांमधल्या एकोणीस महिन्यांच्या मुलांच्या अंगावर छोटे ध्वनिमुद्रक बसवून घरातले दिवसभराचे बोलणे टिपले गेले. मुलाला उद्देशून बोललेले शब्द आणि मोठ्यांचे आपापसातले शब्द वेगळे मोजले, तेव्हा एखाद्या घरात दिवसभरात मुलाशी जेमतेम ६७० शब्द बोलले गेल्याचे दिसले, तर एखाद्या घरात १२,००० च्या वर. चोविसाव्या महिन्यात मुलांचा शब्दसंग्रह पाहिला, तर तो मुलाशी झालेल्या बोलण्याच्या प्रमाणात वाढलेला होता. त्याच्या आसपास मोठ्यांनी एकमेकांशी केलेल्या बोलण्याचा मात्र त्याच्याशी संबंध आढळला नाही. माझ्या मते हा निष्कर्ष इंदूरमधल्या प्रत्येक मराठी घरात वाचून दाखवावा असा आहे.

बाळाचा कान कमजोर असतो म्हणून असे घडते, असे मात्र नाही. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडात इंग्रजीभाषक घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही, आणि इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना तो सहसा ऐकूही येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी तो ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्या बाळांना तो ओळखता आला. जगातल्या अनेक भाषांसाठी उघडा असलेला कान पहिल्या वर्षाअखेर आपल्या भोवतालच्या भाषेला जुळवून घेतो. हे जुळवून घेणे कशावर अवलंबून असते, ते पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगातून समोर आले. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी भाषक माणसांनी साधारण पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बारा बैठकींत खेळणी आणि पुस्तके घेऊन संवाद साधला, आणि ती बाळे मँडारिनमधला अवघड ध्वनिभेद ओळखू लागली. तीच माणसे आणि तेच बोलणे ज्या बाळांना पडद्यावरून दाखवले किंवा नुसते ऐकवले, ती मात्र काही शिकली नाहीत. मोबाईलवर मराठी बडबडगीते लावून ठेवणाऱ्या आईबापांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

आता दुसरी एक भीती. मूल उशिरा बोलू लागले किंवा वाक्यात भाषा मिसळू लागले, की कुणीतरी सल्ला देते, "घरात एकच भाषा ठेवा, मुलाचा गोंधळ होतो." माझ्या परिचयाच्या एका जोडप्याने बालवाडीतल्या शिक्षिकेच्या अशा सांगण्यावरून मुलीशी मराठी बोलणे बंदच केले. मायामीतल्या स्पॅनिश-इंग्रजी बाळांचा बार्बरा पिअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात केलेला अभ्यास त्यांनी पाहिला असता, तर त्यांना धीर आला असता. द्विभाषिक बाळाच्या एकाच भाषेतले शब्द मोजले, तर ते एकभाषिक बाळापेक्षा कमी भरू शकतात. परंतु दोन्ही भाषांतले मिळून मोजले, तर एकंदर शब्दसंपत्तीत असे मूल मागे नसते. मूल कोणत्या भाषेत किती शब्द जाणते, हे ती भाषा त्याच्या वाट्याला किती येते यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते, हेही त्याच गटाला दिसले. "आजी, दूध गरम है, मी नंतर पिणार" हे वाक्य गोंधळाचे लक्षण नाही. ज्या भाषेतला शब्द आधी हाताशी येतो तो मूल उचलते, आणि दोन भाषा बोलणारी मोठी माणसेही तेच करतात.

मग घरात करायचे काय? माझ्या अनुभवात आणि संशोधनातही सर्वांत भक्कम उपाय म्हणजे मांडीवर घेऊन पुस्तक वाचणे, आणि ते मुलाला बोलते करून वाचणे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ साली दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना गोष्ट सरळ वाचून न टाकता मुलाला प्रश्न विचारायला, त्याचे उत्तर पुढे वाढवायला आणि हळूहळू गोष्ट त्याच्या तोंडून काढून घ्यायला शिकवले. अवघ्या एका महिन्यात ही मुले बोलण्यात आपल्या बरोबरीच्या मुलांच्या पुढे गेली, यद्यपि वाचनाचा वेळ दोन्ही गटांत सारखाच होता. पुढे हीच पद्धत मेक्सिकोतल्या एका पाळणाघरात, गरीब घरांतल्या दोन वर्षांच्या मुलांसोबत स्पॅनिशमधून वापरली गेली, आणि तिथेही मुलांचे बोलणे वाढले.

हे जवळून पाहायचे तर एकच चित्र पुरते. आंब्याच्या झाडाखाली एक म्हातारी बसली आहे, असे समजा. "ही कोण?" एवढेच विचारले, तर "आजी" असे एका शब्दाचे उत्तर मिळते. "ही इथे कशाला बसली असेल?" असे विचारून आपण थांबलो, खरोखर पाच-सहा सेकंद थांबलो, की मूल म्हणते, "थक गयी." तेव्हा "हो, दमली ना ती, चालून चालून दमली; आपण दमलो की काय करतो?" असे म्हणावे. मुलाला चूक दाखवलेली नसते, मराठी शब्द दोनदा त्याच्या कानात गेलेला असतो, 'आपण'ही येऊन गेलेले असते, आणि आता बोलायची पाळी पुन्हा त्याची असते. मोठ्यांना खरे अवघड जाते ते थांबणे.

लिपीच्या बाबतीत इंदूरचे मूल भाग्यवान आहे. शाळेत हिंदी वाचायला शिकले, की देवनागरी हाती आलेलीच असते, आणि एका भाषेत कमावलेले वाचनकौशल्य दुसरीत कामी येते, हे जिम कमिन्स यांनी १९७०च्या दशकाअखेर मांडलेले तत्त्व इथे लगेच लागू पडते. अडखळायला होते ते ठरावीक ठिकाणी. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही, म्हणून 'शाळा' वाचताना 'शाला' होते. आणि 'चमचा'तले दोन 'च' लिहायला सारखे असले तरी 'चंद्र'मधल्या 'च'पेक्षा वेगळे उच्चारायचे असतात, हे लिपी सांगत नाही, वाचून दाखवणारा माणूसच सांगतो.

खेळांमध्ये मला मेक्सिकन 'लोतेरीआ' फार आवडतो. हा आपल्या हाऊजीसारखा चित्रांचा खेळ: ५४ पत्ते, प्रत्येकाच्या पाटीवर सोळा चित्रे, आणि पत्ता निघाला की त्याचे नाव मोठ्याने पुकारायचे. पत्त्यावर नाव लिंगदर्शक शब्दासह छापलेले असते, 'एल सोल' म्हणजे सूर्य, 'ला लूना' म्हणजे चंद्र, त्यामुळे स्पॅनिशमधला पुल्लिंग-स्त्रीलिंग भेद मूल खेळता खेळता तोंडी करते. मराठीत तर तीन लिंगे, आणि हिंदीच्या सहवासात सगळ्यांत आधी मार खाते ते नपुंसकलिंग. इंदुरात "पाणी गार झाला", "ती पुस्तक माझी" असे सर्रास ऐकू येते, कारण हिंदीत पानी पुल्लिंगी आणि पुस्तक स्त्रीलिंगी. मावशीने जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे स्वयंपाकघरातल्या वस्तू काढून असे पत्ते केले: तो डबा, ती वाटी, ते ताट, तो चमचा, ती कढई, ते पातेले. पुकारा करताना 'तो', 'ती' किंवा 'ते' सुटले, की पत्ता बाद. दोन आठवड्यांनी जेवायला बसताना नातू म्हणाला, "ते माझं ताट आहे, ते नको घेऊ."

मूल मोठे झाले, की मात्र मराठी प्रश्नाला हिंदी उत्तर देऊ लागते, आणि तिथे बरीच घरे हरतात. बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये अ‍ॅनिक द हाउवर यांनी जवळजवळ १,९०० घरांची पाहणी केली, तेव्हा दोन भाषा ऐकत वाढणाऱ्या साधारण एक चतुर्थांश मुलांना केवळ बहुसंख्यांची भाषाच बोलता येत असल्याचे आढळले. आईवडील दोघेही घरात अल्पसंख्य भाषा बोलत असतील तिथे ती टिकण्याचे प्रमाण जास्त होते. नॉर्वेत एलिझाबेथ लान्झा यांनी आईवडील मिश्र उत्तराला कसा प्रतिसाद देतात ते बारकाईने टिपले. काही जण 'काय म्हणालास?' असे विचारतात, काही जण मुलाचेच म्हणणे आपल्या भाषेत परत म्हणतात, तर काही जण स्वतःच दुसऱ्या भाषेत जातात. शेवटच्या प्रतिसादातून मुलाला कळते, की या माणसाशी ही भाषा बोलली नाही तरी चालते. मला मधला मार्ग रोजच्या घरात सगळ्यांत पेलणारा वाटतो, कारण त्यात मुलावर सक्ती होत नाही आणि मोठ्यांची मराठीही सुटत नाही.

ज्यांची मुले मोठी झाली आणि मराठी नुसतीच ऐकत राहिली, त्यांच्यासाठी लॉस एंजेलिसमधला २००२ चा एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. टेरी आऊ आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश शिकू लागलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधून, लहानपणी घरात स्पॅनिश केवळ कानावर पडलेले विद्यार्थी निवडले. व्याकरणात ते इतर नवशिक्यांपेक्षा सरस नव्हते, पण त्यांचा उच्चार मात्र स्पॅनिश मातृभाषा असलेल्या माणसांच्या जवळ जाणारा होता. मावशीची थोरली नात आता एकोणीस वर्षांची आहे. तिच्याशी सगळे हिंदीतच बोलत आले. धाकट्या भावासाठी आणलेले पुस्तक तिने परवा त्याला वाचून दाखवले, तेव्हा क्रियापदे ठिकठिकाणी चुकली, पण 'आभाळ' आणि 'केळी' यांतला 'ळ' अगदी स्वच्छ आला.