पान गळतं तेव्हा पळस पाणी पितो

साताऱ्याची रानफुलं म्हटली की लोक थेट कासचं नाव घेतात आणि सप्टेंबरची वाट बघतात. कासचं कौतुक मलाही आहे. पण याच जिल्ह्यातल्या झाडांचा फुलोरा बघायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मान वर करून फिरावं. पायथ्याच्या माळांवर पळस दिसतो, घाटउतारावर पांगारा आणि काटेसावर. सांगलीकडून यायचं तर शिराळ्याहून चांदोलीची वाट धरावी.

‘उन्हाच्या तडाख्यानं पळस पेटतो’ असे संदेश दरवर्षी फिरतात. वाचायला बरे वाटतात, पण पावसाला जाऊन महिने लोटलेले असताना कळ्या उमलायला पाणी येतं कुठून, हे त्यात कोणी सांगत नाही.

उत्तर पानगळीत आहे. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९० टक्क्यांहून जास्त पाणी पानांवाटे वाफ होऊन निघून जातं. पानं पाणी ओढत असतात तोवर खोडातल्या जलवाहिन्या ताणाखाली असतात, म्हणजे त्यांच्यात ऋणदाब, बाहेर ढकलणारा नव्हे तर आत ओढणारा दाब, असतो. जमीन सुकते तसा हा ताण वाढतो. अशा वेळी कळीतल्या पेशींना पाणी मिळत नाही, आणि पाणी आत शिरून पेशीभित्तिकेवर दाब आल्याशिवाय पेशी ताणली जात नाही; हवा भरल्याशिवाय सायकलची ट्यूब फुगत नाही तसंच. पानं गळाली की पाण्याची ही गळती थांबते. खोल गेलेली मुळं मात्र मुरमाखालची ओल ओढतच राहतात. ताण उतरतो, खोड पुन्हा पाण्यानं भरतं आणि परासरणानं, म्हणजे पेशीत विरघळलेल्या साखर-क्षारांच्या ओढीनं पातळ पडद्यातून, कळ्यांत पाणी शिरतं. कोरड्या जंगलांतल्या काही झाडांच्या खोडांचा घेर पानगळीनंतर, पावसाचा थेंबही न पडता, किंचित वाढलेला मोजला गेला आहे. सावर-पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ, त्यामुळे त्यांच्या खोडातच पाण्याचा साठा असतो.

‘पळसाला पाने तीनच’ म्हणतात, पण या दिवसांत तीही नसतात. त्यामुळे फुलं लांबून दिसतात, आणि पळसाचं गिऱ्हाईक म्हणजे पाखरंच. काळपट मखमली पेल्यातून डोकावणारं एक फूल हातात घ्या. पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी जरा दाबली की आत दडलेले पुंकेसर बाहेर येतात. मधासाठी आलेल्या साळुंकीच्या डोक्याला पराग लागतो तो तिथेच.

पांढऱ्या फुलांचा पळस मात्र बिचारा दुर्दैवी. त्याच्याखाली गुप्तधन असतं या समजापायी त्याची फांदी, साल, मूळ, काहीच लोक शिल्लक ठेवत नाहीत. फुलात नारिंगी रंगद्रव्य तयार झालं नाही, एवढंच त्याचं गुपित.

या सगळ्याला अपवाद हवा असेल तर महाबळेश्वर गाठा. तिथलं अंजनीचं झाड सदाहरित. भरपूर पाऊस खाल्लेल्या त्या डोंगरमाथ्यावर ती पानं न टाकताच उन्हाळ्याच्या तोंडाला फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ धरते.