केस सुटली म्हणजे रेकॉर्ड पुसलं? नाही हो

नाशिकला सीबीएस बसस्थानकासमोर कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं, निर्दोष सुटला ना, मग पोलिसांकडचं सगळं आपोआप साफ, नाहीतर त्याच जजसाहेबांकडे अर्ज टाक, ते एफआयआर डिलीट करायला लावतात. असं काही नसतं.

सज्ञान माणसाचं रेकॉर्ड सरसकट पुसायचा कायदाच आपल्याकडे नाहीये, अमेरिकेतल्या रेकॉर्ड पुसायच्या सोयीचे व्हिडिओ बघून लोक इथं हिशोब लावतात. एफआयआर रद्द करायची तर हायकोर्टात जावं लागतं, आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) ५२८, म्हणजे नाशिककराला मुंबई गाठणं आलंच.

मग खालच्या कोर्टाच्या हातात काय? तर बोटांचे ठसे, फोटो वगैरे. २०२२ च्या ओळखविषयक कायद्यात म्हटलंय की आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस खटल्याशिवाय सुटला, डिस्चार्ज झाला (म्हणजे आरोप ठेवण्याआधीच कोर्टाने सोडलं) किंवा निर्दोष ठरला, तर अपील वगैरे सगळं संपल्यावर ही मापं नष्ट करायची, पण कोर्ट लेखी कारण देऊन ती ठेवायलाही सांगू शकतं. खरा विवेकाधिकार इथे आहे, आणि याबद्दल टपरीवर कुणी चकार शब्द काढत नाही.

अल्पवयीनांचं वेगळं, त्यांचं रेकॉर्ड नष्ट करण्यासाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम २४ आहे.

आणि सरकारी नोकरीच्या फॉर्मवर केसबद्दल विचारलं असेल तर सुटलेली केससुद्धा लिहा, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलंय की माहिती खरीच द्यायची, लपवलेलं सापडलं तर नोकरी जाऊ शकते.