दहा टक्के म्हणजे किती उभा?

युरोपातल्या डोंगरी रस्त्यावर लाल त्रिकोणात काळा उतार आणि शेजारी '१०%' दिसलं, की आपल्याला हायसं वाटतं. शंभरात दहाच ना! कारण १०० टक्के म्हणजे सरळसोट कडा, असं आपण मनात धरलेलं असतं. प्रत्यक्षात १०० टक्के म्हणजे ४५ अंश. जेवढं पुढे, तेवढंच खाली. १० टक्के म्हणजे आडव्या शंभर मीटरला दहा मीटर. कोनात जेमतेम पावणेसहा अंश. ब्रिटनमधल्या जुन्या पाट्या हेच १:१० असं सांगायच्या.

आकडा लहान दिसतो, पण वजनाला तो पुरतो. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ला १, म्हणजे तीन टक्केही नाही. तरी कर्जतला गाडी थांबवून मागे जादा इंजिनं जोडावी लागतात. आपण तेवढ्यात वडापाव खाऊन घेतो, ते वेगळं.

चढ कुठे मोजला यावरही आकडा बदलतो. वेल्समधल्या हार्लेक गावच्या रस्त्याला २०१९मध्ये जगातल्या सर्वांत तीव्र चढाचा मान मिळाला, आणि २०२०मध्ये तो न्यूझीलंडच्या बाल्डविन स्ट्रीटकडे (सुमारे ३५ टक्के) परत गेला. वाद होता मोजणीचा: वळणाच्या आतल्या कडेने मोजायचं की रस्त्याच्या मध्यरेषेने? आतून अंतर कमी, उंची तेवढीच, म्हणून चढ जास्त. घाटातल्या वळणावर आतून गाडी घातली की ती धापा टाकते, ती यामुळेच.

खरी गोम उतरताना. १६ टनांचा भरलेला ट्रक १०० मीटर उंची खाली आला, की सुमारे दीड कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात ५० लिटर पाणी उकळेल. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उंचीचा फरक ५०० मीटरच्या आसपास, म्हणजे अडीचशे लिटर! हवा आणि टायर त्यातला थोडा वाटा उचलतात. गिअर खालचा असेल तर इंजिन बराच उचलतं. गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवणाऱ्याच्या ब्रेकचे लायनर (चाकाला घासून गाडी थांबवणारे पट्टे) मात्र उरलेली सगळी उष्णता पितात. तापलेल्या लायनरची पकड सुटते. पेडल दाबलेलं असतं, गाडी मात्र ऐकत नाही.

म्हणून जुने ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये घाट चढतात, त्याच गिअरमध्ये उतरतात. आपल्याकडच्या त्रिकोणात बहुधा टक्के नसतात, नुसती उतारावरची मोटार असते. घाटाच्या पायथ्याशी काच खाली केली, की पाटी कोणी मानली नाही ते जळक्या वासावरून कळतं.