ड्रेटन हॉल

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात, चार्ल्सटन शहराच्या वायव्येस, ॲश्ली नदीच्या काठी उभी असलेली अठराव्या शतकातील विटांची हवेली. उत्तर अमेरिकेतील पॅलाडियन (इटालियन वास्तुकार पॅलाडिओच्या कामावरून आलेल्या) शैलीच्या सुरुवातीच्या आणि सर्वांत कसदार वास्तूंत तिची गणना होते. अशा बहुतेक जुन्या घरांना पुढे वीज आणि नळ यांनी नवे रूप दिले. ड्रेटन हॉलमध्ये यातले काहीच आले नाही. त्यामुळे अभ्यासकाला इथे १७५० च्या सुमाराचे बांधकाम फारसे काही न खरवडता पाहता येते.

जॉन ड्रेटन याने ही जागा १७३८ साली विकत घेतली. वडिलांचा मॅग्नोलिया हा मळा शेजारीच होता, पण जॉन तिसरा मुलगा असल्याने तो त्याच्या वाट्याला येण्याची शक्यता नव्हती. पूर्वी घराचे बांधकाम १७४२ मध्ये संपले असे सांगत. माळ्यावरच्या लाकडांची वाढवलये तपासल्यावर मात्र ती झाडे १७४७-४८ च्या हिवाळ्यात तोडल्याचे दिसले, म्हणजे छप्पर त्यानंतरच चढले. वास्तुशिल्पी कोण, याचा कागद मिळालेला नाही. छापील नमुनापुस्तके समोर ठेवून मालकाने आणि कारागिरांनी आराखडा जुळवला असावा. दिवाणखान्यातील शेकोटीवरची सजावट तर १७२७ साली लंडनमध्ये विल्यम केंटने प्रसिद्ध केलेल्या इंग्रज वास्तुकार इनिगो जोन्सच्या आराखड्यांशी मिळतीजुळती आहे.

घराला दोन दर्शनी बाजू आहेत. रस्त्याकडच्या बाजूस दुमजली द्वारमंडप असून त्याचे खालचे स्तंभ डोरिक, वरचे आयोनिक (दोन्ही प्राचीन ग्रीक स्तंभशैली) आहेत. हा मंडप अर्धा भिंतीबाहेर येतो आणि अर्धा घराच्या पोटात शिरतो. इटालियन वास्तुकार पॅलाडिओच्या (१५०८-१५८०) व्हिलांमध्ये अशी रचना सापडते, पण कॅरोलिनाच्या दमट उन्हाळ्यात तिला वेगळाच अर्थ येतो. पोटातला भाग खोल सावलीत राहतो आणि कोकणातल्या ओसरीसारखा बसण्याउठण्याला उपयोगी पडतो. नदीकडची बाजू त्यामानाने साधी आहे: मंडप नाही, मध्यभागी थोडा पुढे आलेला भिंतीचा भाग आणि त्यावर त्रिकोणिका, म्हणजे छपराखालचा त्रिकोणी दर्शनी भाग. ॲश्ली ही भरती-ओहोटीची नदी. चार्ल्सटनशी माल आणि माणसांची ये-जा त्या काळी मुख्यतः पाण्यावरून होई. असे असूनही घराचा थाट रस्त्याकडे वळवलेला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

भिंतींच्या विटा फ्लेमिश पद्धतीने रचल्या आहेत, म्हणजे प्रत्येक थरात एका विटेची लांब बाजू आणि तिच्या शेजारी दुसरीचे तोंड. राहण्याचे मजले उंच तळमजल्यावर उचललेले आहेत. त्यामुळे जमिनीची ओल वर चढत नाही आणि खाली कामाला व साठवणीला जागा मिळते. द्वारमंडपातून थेट मोठ्या दिवाणखान्यात प्रवेश होतो. त्याच्या मागे, नदीच्या बाजूला जिन्याचे दालन आहे. दोन्ही बाजूंनी चढत जाणारा तिथला जोडजिना घरातील सर्वांत दिमाखदार लाकूडकाम म्हणावे लागेल, आणि त्यात महोगनी सढळ हाताने वापरली आहे. दिवाणखान्याच्या दोन्ही अंगांना लहान खोल्या आहेत आणि वरच्या मजल्यावर बहुतांशी हाच आराखडा पुन्हा येतो. समोरासमोरची दारे उघडली की नदीवरचा वारा घरातून आरपार जातो. राहण्याच्या पहिल्या मजल्यावरील एका खोलीच्या छतावरची नक्षी साच्यात न पाडता ओल्या गिलाव्यात हातानेच कोरलेली आहे. गिलावा सुकायच्या आत काम संपवायचे, म्हणजे कारागिराला हात आखडता घेण्याची सोयच नव्हती.

आज हवेली एकटी उभी दिसते, ते तिचे मूळ रूप नव्हे. १७६५ च्या एका जलरंगचित्रात तिच्या दोन्ही बाजूंस जोडइमारती दिसतात. त्यांतील एक १८८६ च्या चार्ल्सटन भूकंपात ढासळली, दुसरी १८९३ च्या चक्रीवादळानंतर गेली. एकीत धुण्याचे काम चाले, दुसरीत स्वयंपाक. त्या पडल्यामुळे वास्तूचा तोल तर बदललाच, शिवाय जिथे गुलामांचे श्रम सर्वांत उघडपणे दिसत तो भागही नजरेआड झाला.

ड्रेटन हॉल हे भाताचे शेत नव्हते. इतरत्र पसरलेल्या भात आणि निळीच्या मळ्यांचा कारभार पाहण्याचे हे मुख्य घर होते. तो पैसा गुलाम आफ्रिकन माणसांच्या कष्टांतून आला आणि घराच्या बांधकामातही त्यांचेच हात होते. आवारात त्यांची आणि त्यांच्या वंशजांची जुनी दफनभूमी आहे. रिचमंड बोवेन्स हे अशा वंशजांपैकी एक. त्यांनी पुढे इथेच फाटकावर काम केले, आणि त्यांच्या आठवणींमुळे काळ्या कुटुंबांचा इतिहास या जागेच्या कथनात आला.

यादवी युद्धाच्या शेवटी, १८६५ मध्ये, ॲश्लीकाठची बहुतेक मोठी घरे जळाली. मिडलटन प्लेस या त्याच काठच्या मळ्याची मुख्य इमारतही गेली. ड्रेटन हॉल कसे वाचले याचे ठाम उत्तर नाही. घरात देवीची साथ असल्याची खूण लावून सैनिकांना दूर ठेवले, ही कथा लोकप्रिय आहे, पण ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. युद्धानंतर जमिनीतील फॉस्फेटच्या खाणकामातून मिळालेल्या पैशावर घराची डागडुजी झाली.

सात पिढ्या हे घर एकाच कुटुंबाकडे राहिले. शेवटच्या काळातील मालकीण शार्लोटा ड्रेटन (मृत्यू १९६९) यांनी घर आहे तसे ठेवण्याचा आग्रह धरला होता. १९७४ मध्ये ते ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे गेले आणि २०१५ पासून ड्रेटन हॉल प्रिझर्वेशन ट्रस्ट ही संस्था त्याचा कारभार पाहते. नॅशनल ट्रस्टने मूळ काळातील सामान आणून खोल्या सजवल्या नाहीत. रिकाम्या खोल्यांतले जुने रंग, उडालेले पापुद्रे, दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या केलेल्या खुणा, सर्व तसेच आहे. पण आहे तसे ठेवणे म्हणजे हात न लावणे नव्हे. विसाव्या शतकात द्वारमंडपात घातलेले काँक्रीट पुढे जुन्या दगड-विटांना अपाय करू लागले आणि ते काढून मंडप सावरावा लागला. नंतरची प्रत्येक भर इतिहासाचा भाग मानायची की दोष, हा निर्णय इथे दर दुरुस्तीच्या वेळी नव्याने घ्यावा लागतो.